शिलाईघरातलं हसू

टाचणीबाईचं खरं नाव शिलाईघरात कोणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायच्या भानगडीत कोणी पडलंही नव्हतं. सव्वीस वर्षं तिच्या ओठांत पाच-सहा टाचण्या असायच्या. ती बोलायची तीही टाचण्यांच्या फटीतून, आणि तिचं बोलणं त्या टाचण्यांहून जास्त टोचायचं. हाताखाली बेचाळीस बायका. दुसऱ्या मजल्यावरचं लांबलचक दालन, उंचावरच्या खिडक्या, पायमशीनच्या सहा रांगा आणि दाराशी तिचं स्टूल. त्या स्टुलावरून तिला प्रत्येकीची मान दिसायची. मान वर झाली की हात थांबला, एवढा साधा हिशोब.

लढाईचं दुसरं वर्ष चालू होतं. पूर्वी या दालनात शाळेच्या पोरांचे सदरे शिवायचे. आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच काम, सैनिकांचे जाडेभरडे कोट. बेचाळिसांतल्या निम्म्याजणींचं कोणी ना कोणी लढाईवर होतं. कोणाचा नवरा, कोणाचा लेक, कोणाचा दीर. पण दालनात त्याबद्दल ब्र काढायचा नाही. गप्पा नाहीत, गाणं नाही, हसणं-रडणं नाही. नियम मॅनेजरचे होते, राबवायची टाचणीबाई.

त्या मंगळवारी काजवाली उशिरा आली. कोटांची काजं तेव्हा हातानंच व्हायची आणि ही विशी-एकविशीची मुलगी खिडकीखालच्या टेबलाशी बसून दिवसाला इतकी काजं करायची की बाकीच्या तोंडात बोट घालायच्या. तिच्या हातात एक घडी घातलेलं पत्र होतं. टाचणीबाईनं कागदाचा रंग पाहिला आणि ओळखलं. तसली पत्रं त्या वर्षी बऱ्याच घरांत आली होती.

"बाई, माझा भाऊ..." एवढंच तिच्या तोंडून फुटलं.

टाचणीबाई काही दगड नव्हती. पण शनिवारपर्यंत सहाशे कोट द्यायचे होते आणि मॅनेजर खालीच फेऱ्या मारत होता. ती म्हणाली, "रडायचं तर सहा वाजता. कापडावर डाग पडतात."

मुलीनं मान हलवली, पत्र झग्याच्या खिशात सारलं आणि जाऊन सुई ओवली.

साडेदहाच्या सुमाराला ती हसली.

हसू लहानसंच होतं, कोणीतरी कानात गंमत सांगावी तसं. टाचणीबाईनं मान वळवून नुसतं पाहिलं. एरवी तेवढं पुरायचं. पण मुलगी पुन्हा हसली, मग पुन्हा, आणि मग तिचे खांदे गदगदायला लागले. सुई हातातून पडली.

"काय झालं गं एवढं हसायला?"

"काही नाही बाई," ती म्हणाली आणि खो खो हसत सुटली.

टाचणीबाई उठून तिच्यापाशी गेली. जवळ गेल्यावर मात्र तिला ते नीट दिसलं. तोंड हसत होतं, पण डोळे हसत नव्हते. ते विस्फारलेले होते, पाण्यात बुडणाऱ्या माणसाचे असावेत तसे. ते टाचणीबाईवर खिळले होते आणि हसण्याच्या दोन उचक्यांमध्ये मुलगी जेमतेम बोलली, "थांबवा ना बाई. थांबतच नाहीये."

तिला खाली पाणी प्यायला पाठवलं. विषय संपला असं टाचणीबाईला वाटलं, किंवा तसं वाटून घ्यायचं तिनं ठरवलं. पाच मिनिटांत पहिल्या रांगेतली एक अस्तरवाली हसायला लागली. तिच्यापासून तीन मशीन पलीकडे आणखी एक. ह्या दोघी एकमेकींशी महिनाभर बोलत नव्हत्या. मग सर्वांत म्हातारी कॉलरवाली आजी. चारचौघांत दात दाखवू नयेत असं मानणारी ही बाई डोकं मशीनवर टेकून ही ही ही करत होती, आणि तिच्या तोंडची लाळ कोटावर ठिबकत होती.

टाचणीबाईनं आजवर ऐकलेला एकच उपाय केला. अस्तरवालीच्या थोबाडीत दिली. अस्तरवालीनं गालाला हात लावला, तिचे डोळे भरून आले, आणि ती हसतच राहिली. गालावर पाच बोटं उमटलेली आणि ती हसतेय. सव्वीस वर्षांत टाचणीबाईला या दालनात पहिल्यांदा वाटलं की आपण इथून पळून जावं.

बाराच्या ठोक्याला मॅनेजर वर आला. माणूस बुटका, पण जिना चढताना पायांचा आवाज असा करायचा की सहा फुटी वाटावा. त्यानं दार उघडलं आणि नऊ बायका त्याच्याकडे तोंड करून हसताना पाहिल्या. बिचाऱ्याला वाटलं, आपल्यालाच हसताहेत. कान लाल झाले.

"संपाची नवी तऱ्हा काढलीय का ही? लढाईच्या दिवसांत?"

"साहेब, त्यांना काहीतरी होतंय," टाचणीबाई म्हणाली.

"मलाही होतंय! शनिवारी मला सहाशे कोट पाहिजेत." त्यानं दाराची किल्ली तिच्या हातावर आपटली. "सहाच्या आत यातली एकही बाहेर पडली, तर बाई, तुम्हीही उद्यापासून येऊ नका."

ती म्हणाली, "बरं." आणि आतून कुलूप लावलं.

पुढचे चार तास तिनं जन्मात कोणाला सांगितले नाहीत. हसण्याला लाटा होत्या. अर्धा तास कोणी हसायचं नाही, नुसती मशीनं धडधडायची, सगळ्याजणी खाली मान घालून जीव मुठीत धरून शिवायच्या. प्रत्येकीला वाटायचं, आता माझी पाळी. आणि मग कुठल्यातरी कोपऱ्यातून पहिली उचकी यायची. ती आली की पाठीतून गार पाणी सरकावं तसं व्हायचं. एकीची सुई हसता हसता बोटातून आरपार गेली. ती बोट धरून हसत होती आणि रक्त बाहीवर पडत होतं. दुसरी कानांत चिंध्या कोंबून बसली होती. चिंध्यांनी काही झालं नाही. तीनच्या सुमाराला तीही हसायला लागली. चारला आकडा सतरा झाला.

आणि तेव्हा टाचणीबाईला बरगडीखाली हुळहुळलं.

अगदी हलकं. कोणी बोट फिरवावं एवढंच. पण तिच्या ओठांत टाचण्या होत्या. ती जागच्या जागी थिजली. श्वास रोखून तिनं ओठांतून एकेक टाचणी काढून तळहातावर ठेवली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच? सकाळी सहा होत्या. सहाच होत्या ना? आवंढा गिळायचीही भीती वाटायला लागली. तिनं जीभ टाळूवरून, हिरड्यांवरून हळूहळू फिरवली. काही टोचलं नाही, पण त्यानं धीर येण्याऐवजी उलटंच झालं. मग नजर खाली गेली तर सहावी टाचणी तिच्याच कॉलरवर खोचलेली. त्या दिवसानंतर तिनं तोंडात टाचणी धरली नाही.

ती स्टुलावर बसते न बसते तोच तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला. ते हसणं तिच्या ओळखीचं होतं. तिची भाची. बहीण गेल्यापासून बारा वर्षं तिच्याजवळ वाढलेली. लहानपणापासून दम्याची. जिना चढली तरी तिच्या छातीत शिट्टी वाजायची.

"मावशी," भाची म्हणाली. पुढे तिला बोलता येईना. ती हसत होती, पण हसायला हवा लागते आणि हवा आत जातच नव्हती. नुसते खांदे उडत होते, तोंड उघडं आणि आवाज नाही. ओठ जांभळे पडायला लागले.

टाचणीबाईनं किल्ली काढली. हात इतका थरथरत होता की कुलपाचं भोक सापडेना. कॉलरवाली आजी हसत हसतच उठून आली, तिनं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं, आणि दोघींनी मिळून ते दार उघडलं.

त्या दुपारी रस्त्यानं चाललेल्या लोकांनी जे पाहिलं ते ते विसरले नाहीत. शिलाईघरातून बायका बाहेर पडत होत्या, एकमेकींच्या खांद्याला धरून, पोट दाबून, कोणी भिंतीला टेकत, कोणी फुटपाथवर बसत, आणि त्यांतल्या कितीतरी हसत होत्या. पहिल्यांदा लोकही हसले. वाटलं, कसली तरी मजा आहे. मग एका केशकर्तनालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसानं त्या चेहऱ्यांकडे नीट पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर रस्त्यावरच्या खिडक्या एकामागून एक बंद होत गेल्या. भाचीला बगलेत धरून ओढत टाचणीबाई चालत होती आणि तिच्या पुढेपुढे कड्या लागत होत्या.

मोकळ्या हवेत भाचीचा श्वास परतला. हसू मात्र गेलं नाही. दर दोन-तीन तासांनी ते यायचं, वीस मिनिटं तिला पिळून काढायचं आणि जायचं. बुधवारी शिलाईघराला टाळं लागलं. गुरुवारी कळलं की अस्तरवालीची शाळकरी बहीणही हसायला लागली आणि शाळाही बंद झाली. शुक्रवारी धोबीखान्यातल्या दोघी. जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कोणी म्हणे विहिरीत काही कालवलंय, कोणी म्हणे मशीनच्या तेलात, कोणी म्हणे मेलेल्यांचे कोट परत आणून शिवायला देतात, त्यांतून हे येतं.

डॉक्टर आला तो तोंडाला रुमाल बांधून, आणि भाचीला उंबऱ्यातूनच तपासलं म्हटलं तरी चालेल. जीभ पाहिली, नाडी पाहिली, शिलाईघरातल्या तेलाचे आणि दोऱ्याचे नमुने बाटल्यांत भरून नेले.

"काय झालंय हो हिला?" टाचणीबाईनं विचारलं.

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाला, आणि हे सांगताना तोच जास्त घाबरलेला दिसला. "मला सापडेल असं काही नाही."

शेजाऱ्यांनी निरोप धाडला की मजल्यावरच्या नळावर तुम्ही येऊ नका, पाणी आम्ही दाराशी ठेवू. बादली यायची, पण ठेवणारी दिसायची नाही, फक्त धावत जाणारी पावलं ऐकू यायची. टाचणीबाईला राग आला नाही. तीही तेच करत होती. भाचीला हसू आलं की ती डोकं मांडीवर घ्यायची, पाठ चोळायची, पण तोंड दुसरीकडे फिरवायची. मधूनमधून आरशासमोर जाऊन स्वतःच्या ओठांकडे बघायची. कोपरा हलला का? मघाशी होता त्यापेक्षा वर गेलाय का? पोटची नसली तरी पोटच्यासारखी वाढवलेली पोर, आणि आपण तिला भितो. ही लाज तिला त्या भीतीइतकीच कुरतडत होती.

सहाव्या दिवशी सकाळी, एक झटका ओसरल्यावर, भाची भिंतीला टेकून बसली होती. आवाज पार बसलेला.

"मावशी, एक विचारू? त्या दिवशी काजवालीला तू काय म्हणालीस ते आम्ही ऐकलं होतं. आख्ख्या रांगेनं."

"काय म्हणाले मी?"

"सहा वाजता रड म्हणालीस."

टाचणीबाईनं बादलीतलं पाणी उगाचच दुसऱ्या भांड्यात ओतलं. मग अंगावर शाल घेतली आणि बाहेर पडली.

काजवालीचं घर गल्लीच्या टोकाला, तळघरासारख्या एका खोलीत होतं. दार तिच्या आईनं उघडलं, फटीपुरतं.

"आत येऊ नका. लागेल तुम्हाला."

"लागू दे," टाचणीबाई म्हणाली. म्हणाली खरं, पण पाय उंबऱ्यातून उचलायला तिला बराच वेळ लागला.

मुलगी गादीवर होती. हसून हसून बरगड्या दुखायच्या म्हणून आईनं छातीभोवती टॉवेल घट्ट आवळला होता. सहा दिवसांत ती अर्धी झाली होती. टाचणीबाईला पाहताच ती उठायला गेली, जणू अजून दालनातच आहे.

"पडून राहा. मी तुझी माफी मागायला आलेय."

"मी हसत नाही हो बाई," मुलगी घाईघाईनं म्हणाली, पुढचा झटका यायच्या आत सांगून टाकायचं होतं तिला. "खरंच नाही. ते माझ्यातून हसतं. तुम्हाला वाटत असेल भाऊ गेला आणि ही..."

"मला तसं वाटत नाही. भावाचं सांग मला. कसा होता?"

मुलीनं आईकडे पाहिलं. या घरातही सहा दिवस त्याचं नाव कोणी काढलं नव्हतं, हसण्याच्या धास्तीनं. मग ती तुटक तुटक सांगायला लागली. तो शीळ घालायचा. त्याचे पाय मोठे होते, कुठले बूट व्हायचे नाहीत. जाताना म्हणाला होता, तू शिवलेला कोट मला मिळाला तर मी ओळखेन, तुझं काज आवळ असतं. आणि इथे ती थांबली.

"त्या दिवशी मी पहिलं काज घेतलं हातात. आणि मनात आलं, बाई, त्याच्या अंगावर होता तो कोट... त्याची काजं मीच केली असतील का? माझीच असतील का हो?"

टाचणीबाईनं तिचा हात धरला. मुलगी हसायला लागली, मग तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, मग पुन्हा हसू, आणि कुठलं कुठे संपतं तेच कळेना. टाचणीबाईनं या वेळी तोंड फिरवलं नाही. भीतीनं तिचे दात वाजत होते, पण ती दुपार टळेपर्यंत तिथे बसली. आई दुसऱ्या बाजूनं येऊन बसली आणि तीही रडली. एवढ्यानं मुलगी बरी झाली असं मुळीच नाही. झटके चालूच राहिले. पण त्या संध्याकाळी ती चार तास सलग झोपली, असं आईनं नंतर सांगितलं.

अकराव्या दिवशी टाचणीबाईला बोलावणं आलं. मॅनेजरच्या खोलीत एक चौकशी अधिकारी बसला होता, गणवेशातला, दाढी तुळतुळीत, समोर कोरे कागद. सैन्याचे कोट वेळेवर पोचले नव्हते. लढाईच्या काळात काम मुद्दाम अडवणाऱ्याला काय शिक्षा होते हे त्यानं आधी वाचून दाखवलं.

"रोगबिग काही नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलंय," अधिकारी म्हणाला. "म्हणजे कोणीतरी हे सुरू केलं. पहिली कोण हसली?"

"मला आठवत नाही."

"तुम्ही दाराशी बसता. तुम्हाला प्रत्येकीची मान दिसते असं साहेब म्हणतात."

मॅनेजर म्हणाला, "काजवालीच ना ती, बाई? पाणी प्यायला खाली आली होती. मी पाहिलंय. तुम्ही फक्त सही करा. उद्यापासून तुमचं स्टूल तुम्हाला."

कागद पुढे सरकला. टाचणीबाईला तळघरातली ती गादी दिसली आणि छातीभोवतीचा टॉवेल. तिला तुरुंगाची भीती वाटली, भाचीचं काय होईल याची वाटली, या खोलीची, त्या तुळतुळीत दाढीची वाटली. हे सगळं एकाच वेळी वाटत असताना तिनं स्वतःचा आवाज ऐकला.

"तिनं नाही. मी सुरू केलं."

"म्हणजे?"

"तिचा भाऊ गेल्याचं पत्र आलं होतं. मी तिला रडू दिलं नाही. लिहा तसं. माझ्यापासून झालं हे."

"थट्टा करता?" अधिकारी म्हणाला.

आणि तेव्हा बरगडीखाली पुन्हा हुळहुळलं.

तिनं टेबलाची कड धरली. अकरा दिवस तिनं जे दाराबाहेर थोपवलं होतं ते आत आलं होतं. गंमत कसलीच वाटत नव्हती. कोणीतरी दुसरंच तिच्या पोटात हात घालून तिला हलवत होतं, पोत्यातून धान्य झटकावं तसं. पहिली उचकी बाहेर पडली. तिला थांबायचं होतं. तिनं ओठ चावला, रक्ताची चव आली, आणि दुसरी उचकी आली. मग ती हसायला लागली, त्या दोघांच्या तोंडावर, मोठमोठ्यानं. डोळ्यांतून तिची भीती त्यांच्याकडे बघत होती आणि तोंड थांबत नव्हतं.

अधिकाऱ्याची बोबडीच वळली. खुर्ची मागे उलटली. त्यानं रुमाल काढून नाकातोंडावर दाबला आणि पाठ भिंतीला घासत तो दाराकडे सरकला. मॅनेजर तर आधीच जिन्यात होता. या खेपेला त्याच्या पावलांचा आवाज अजिबात आला नाही.

चाळीस मिनिटं ती त्या खोलीत एकटी हसली. मग भाचीला कोणीतरी बोलावलं. भाचीनं येऊन मावशीचं डोकं मांडीवर घेतलं आणि सबंध वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसली.

"मावशी, मी आहे. येऊन जाऊ दे ते. जातं ते, मला माहितीये."

चौकशीच्या कागदावर शेवटी 'अज्ञात आजार' असं लिहिलं गेलं आणि तो कागद कुठल्याशा कपाटात गेला. अधिकारी पुन्हा त्या गावी फिरकला नाही. टाचणीबाईला तो एकच झटका आला. तो खरा होता की भीतीनंच तिला तारायला तसं सोंग घेतलं, हे तिलाही कधी उमगलं नाही. भाचीचं हसू तेराव्या दिवशी गेलं, काजवालीचं अठराव्या. एकूण एकतीसजणी हसल्या. कॉलरवाली आजी तेवढी परत मशीनवर बसली नाही. हसणं थांबलं, पण छाती अधू झाली आणि वर्षाच्या आत ती गेली.

टाचणीबाईचं स्टूल दुसरीला मिळालं. ती घरीच पडदे आणि चादरी शिवायला लागली. काजवाली तिच्याकडे येऊन बसायची. दोघी खिडकीपाशी शिवायच्या आणि वाटेल तेव्हा बोलायच्या, वाटेल तेव्हा रडायच्या. भाचीचं पुढे लग्न झालं, ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली.

गावात मात्र एक खोड राहून गेली. अंगणात पोरं खेळताना खिदळायला लागली, आणि ते खिदळणं जरा लांबलं, की कुठल्यातरी खिडकीतून एखादी आई ओरडायची, "थांबून दाखवा बघू!" पोरं थांबायची. त्या क्षणभराच्या शांततेत आजूबाजूच्या सगळ्या घरांमधले हात कामावरून थबकलेले असायचे. टाचणीबाईही सुई कापडात अर्धी खुपसून कान देऊन बसायची. मग पोरांची भांडणं सुरू व्हायची, कोणीतरी भोकाड पसरायचं, आणि ती टीप पुढे नेत असे.